एकही डहाळी तुटणार नाही

४ मार्च १९७९, रविवार

आमच्या निसर्ग मंडळाची मासिक चढाई. बोडखी टेकडी. सगळे वर पोचले. मी बेस कँप सांभाळला.

बेस कँप म्हणजे पायथ्याच्या पळसबनातली सतरंजी. कुणालातरी खाली राहावेच लागते. डबे असतात, चपला असतात, कुत्री असतात. मंडळ काढल्यापासून ही जबाबदारी मी दुसऱ्या कुणावर टाकलेली नाही. अध्यक्षाने झिजायचे असते.

उंचीचा प्रश्न नाही. लोक उगाच बोलतात. नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतून पाहिली तर बोडखी टेकडी बैलाच्या वशिंडाएवढी दिसते, म्हशी रोज चढतात. वरून खाली पाहिले की माझ्या पोटात जे होते ते पित्त.

पळसाला पान नाही, नुसती फुले. एकेक झाड नवरदेवाच्या फेट्यासारखे. आमच्या चिटणीस अरुंधतीबाई कॉलेजात बॉटनी शिकवतात. त्या म्हणाल्या, पाहून घ्या, कारण पोळ्याला काही उरत नाही. नंदनवनातून घरटी एक माणूस येतो आणि मेढ्यासाठी डगाल, म्हणजे मोठी फांदी, तोडून नेतो. एका रात्रीपुरती ती दाराशी उभी करायची, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पहाटे उचलायची, आणि मारबतीला, म्हणजे इडापिडेच्या बाईला, खोकला-ढेकूण घेऊन जाय गे मारबत असे ओरडत शिवेबाहेर फेकून द्यायची. त्यापायी ही झाडे खुरटली. टोकाचा एक तेवढा उंच राहिला, तोही हात पोचत नाही म्हणून.

मला राहवले नाही. सतरंजीवर उभा राहिलो. म्हणालो, यंदाच्या पोळ्याला पळसबनातली एकही डहाळी तुटणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस वाहावत जातो. म्हणालो, एक जरी तुटली तरी मी अध्यक्षपद सोडीन!

वामनराव आमचे उपाध्यक्ष. मंडळ निघाले तेव्हापासून उपाध्यक्षच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, गिरिधरराव, एवढं जरा परत सांगता का? सावकाश.

फार मनावर घेतलेले दिसते. बरे वाटले.

५ मार्च, सोमवार. पहाटे

संकल्प. आजपासून रोज पहाटे उठणे. दोरीवरच्या उड्या. कचोरी बंद. गिर्यारोहणाचे इंग्रजी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचणे. (पहिल्यापासून म्हणजे जिथून आहे तिथून. जुन्या बाजारातून घेतले तेव्हाच पहिली बरीच पाने नव्हती, कुणी चिवडा बांधून दिला असेल. त्यामुळे सुरुवात कशी करायची तेवढे सोडून मला गिर्यारोहण सगळे येते.)

यमूला प्रतिज्ञा सांगितली. ती म्हणाली, अन् मग आपल्या दाराशी काय उभं करायचं? तुम्हाला?

बायकोला मोठी गोष्ट एकदम दिसत नाही. हळूहळू दिसेल.

७ मार्च, बुधवार

उठलो नाही. रात्री डास.

१ एप्रिल, रविवार

ऊन मी म्हणत आहे. मासिक चढाई म्हणून आमच्या गच्चीवर ठेवली. विषय : दोराने उतरणे. दोर विहिरीचा, पण नवा.

प्रात्यक्षिक मीच दिले. डोळे मिटून उतरलो, एकाग्रता लागते. वर दोर धरायला रुपराव. त्यांचे किराणा दुकान आहे, देह साखरेच्या पोत्यासारखा, म्हणून त्यांना मंडळात घेतले आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलो आणि थांबलो. खाली जाईना, वर येईना. मी ओरडलो, सोडा. रुपराव म्हणाले, सोडतो कसा जी, पडान ना तुमी. मी ओरडलो, मग ओढा. ते म्हणाले, ओढलं त माही कंबर जाते.

खिडकीच्या आत यमू पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, आलेच आहात तर त्या बाजूची जळमटं काढून घ्या, दिवाळीपासून माझा हात पुरत नाहीये. आणि गजांतून झाडणी दिली.

जळमटे काढली. रिकामे लटकण्यापेक्षा बरे. नंतर तिने बशीत चहाही दिला. शेवटी वामनराव शेजारून शिडी घेऊन आले.

निष्कर्ष : तंत्र अचूक. दोर चुकीचा.

६ मे, रविवार

मीटिंग वामनरावांकडे, वाळ्याच्या ताटीमागे. बाहेर कुत्रेसुद्धा दिसत नव्हते. विषय एकच, पळसबन.

ठरले की पाट्या लावायच्या. अरुंधतीबाईंनी मजकूर आणला होता, झाडे आपली सोयरी वगैरे. फार मवाळ. सोयऱ्यांना कोण घाबरते? माझा मजकूर मंजूर झाला : पळसास हात लावाल तर गाठ गिरिधररावाशी आहे.

वामनराव म्हणाले, नाव मोठ्या अक्षरात काढा. माझ्या नावाची केवढी आस्था आहे या माणसाला!

१० मे, गुरुवार

पाट्या ठोकून आलो. लांब खिळे वापरले, कुणाला उपटता येऊ नयेत म्हणून. प्रत्येक झाडाला दोन.

संध्याकाळी अरुंधतीबाई आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, सर, तुम्ही झाडांना खिळे मारले? मी म्हणालो, पाटी चिकटवून राहत नाही, वारा असतो. त्या म्हणाल्या, चीक येतोय हो, लाल, रक्तासारखा. डोळ्यांत पाणी. मुलगी हळवी आहे.

वामनरावही मागोमाग आले. त्यांनी विचारले, खिळा ठोकणं हे डहाळी तोडण्यात धरायचं का? अरुंधतीबाई म्हणाल्या, नाही, ते खोड आहे. वामनराव जरा खट्टू झाले. माझी किती काळजी करतात.

उद्या खिळे काढून सुतळीने बांधणार. म्हणजे रुपराव बांधतील. ऊन आहे.

३ जून, रविवार

आज मीटिंगमध्ये बोलता बोलता उजेड पडला! इतके सोपे आणि कुणाला सुचू नये?

लोकांना मेढा हवा. हवा ना? मग देऊ की मेढा. पळसाचाच कशाला? नाल्याकाठी बेशरमाची झुडपे माजली आहेत. तोडावी तेवढी वाढतात, गुरे तोंड लावत नाहीत, सरपणालाही कुणी नेत नाही. यंदा पोळ्याला नंदनवनातल्या प्रत्येक दाराशी बेशरम उभा करावा. पळस वाचतो, नाला मोकळा होतो. एका दगडात दोन पक्षी. (आपण पक्षी मारत नाही. मंडळ निसर्गाचे आहे.)

अरुंधतीबाई म्हणाल्या, सर, सणाच्या दिवशी दारात असलं झाड... लोकांना रुचेल का? मी म्हणालो, समजावून सांगितले की लोक ऐकतात. साऱ्या हयातीत ऑफिसात मी लोकांना समजावूनच सांगितले.

रुपराव म्हणाले, मी दुकानात काही बोलनार नाही बा, गिऱ्हाइकं तुटतीन.

वामनरावांनी तत्काळ अनुमोदन दिले. शिवाय सुचवले की अध्यक्षांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगावे. इतरांनी जाऊ नये, वजन राहत नाही.

१ जुलै, रविवार

मासिक उपक्रम : घरोघरी प्रचार. बरोबर नमुना म्हणून बेशरमाची एक फांदी.

पहिले घर. गेल्या महिन्यात लग्न झालेले, तोरण अजून दाराला. सासूबाईंना म्हणालो, यंदा दाराशी बेशरम लावा. त्या म्हणाल्या, घरात नवी सून आली अन् तुमी दारी बेशरम लावता? कोनाले म्हन्ता जी हे? सून आतून बाहेर आली. सासरा बाहेर आला. मी झाडे आणि ऑक्सिजन या मुद्द्याकडे वळलो, पण दार लागले होते.

दुसरे घर. म्हणाले, तुमच्याच दारी लावा, तिथं शोभते.

तिसऱ्या घरी कुत्रा होता.

चौथ्या घरापाशी माणसे जमली. भाजीवाली पंचफुला टोपली उतरवून मधे पडली, म्हणून निभावले. ती म्हणत होती, जाऊ द्या वं माय, यमुताईचा मानूस चांगला हाय, उनानं असं होते. तिच्या भावना चांगल्या आहेत.

शेवटी महादेवराव. मूळचे कुहीचे, धानाची शेती अजून तिकडे आहे, इथे पोरांच्या नोकरीपायी घर बांधले. नंदनवनातला दरवर्षीचा बडग्या त्यांच्याच अंगणात होतो. वर्षभर लोकांना ज्याने छळले त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यामागे गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि जाळायचा. गेल्या साली साठेबाजाचा होता. काय पोट काढले होते!

महादेवराव म्हणाले, बसा भाऊसाहेब. मग म्हणाले, आमच्या आज्याच्या आज्यापासून पयसाचा मेढा हाय जी. बेशरम पाहून मारबत कायले थांबन? हसून पुढं जाईन ते.

मी त्यांना मुळांनी माती कशी धरली जाते ते सांगितले. त्यांनी पानाला चुना लावला. आणि माझ्या नाकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

वाटते, पटले.

९ जुलै, सोमवार

यमूला पंचफुलाने सांगितले, यमूने मला. यंदा नंदनवनचा बडग्या माझा.

माझा!

सबंध आयुष्यात कुणाचा पै-पैसा खाल्ला नाही, काळाबाजार नाही, भेसळ नाही. झाडे वाचवतो म्हणून बडग्या? नंदनवन सोडून जावे असे वाटत आहे. यमू म्हणाली, कुठं जाता, भाजी निवडून द्या.

जेवलो नाही. (दुपारी. रात्री थोडे घेतले, पित्त होते.)

१० जुलै, मंगळवार

झोप नाही. पण विचार केला. बडग्या कुणाचा होतो? साध्यासुध्या माणसाचा होत नाही. मोठमोठ्यांचे होतात. आजवर नंदनवनात एकाही खऱ्या माणसाचा नावानिशी झालेला नाही. पहिला मी.

जगात जो जो सुधारणा करायला गेला त्याला लोकांनी आधी दगडच मारले. पुतळा नंतर होतो. माझा आधीच होत आहे.

१२ जुलै, गुरुवार

वामनराव भेटले. त्यांना सहज सांगितले. त्यांचा चेहरा पडला. साहजिक आहे, उपाध्यक्षांचे बडगे निघत नाहीत.

१५ जुलै, रविवार

निषेध नोंदवायला महादेवरावांकडे गेलो. कडक बोलायचे ठरवले होते.

अंगणात बांबूचा सांगाडा उभा होता. मी म्हणालो, हे काय आहे? महादेवराव म्हणाले, काही नाही जी, पोरं करून राह्यले. मी म्हणालो, खांदे फार उतरते काढलेत. गिर्यारोहकाचे खांदे असे नसतात. ते म्हणाले, असं म्हन्ता? मी म्हणालो, आणि नुसता माणूस काय कळणार, खांद्यावर दोराचे वेटोळे हवे. मिशी कशी काढणार? ते म्हणाले, तुमची पाहून काढू. मी म्हणालो, मिशी समोरून वेगळी दिसते, बाजूने वेगळी.

मग घरून फोटो नेऊन दिला. निवृत्तीच्या वेळचा, हारासकट. म्हणालो, हार काढू नका.

निषेध राहिला. पुन्हा कधीतरी.

५ ऑगस्ट, रविवार

पावसाने टेकडी निसरडी, चढाई रद्द. (मी कधीच नाही म्हणत नाही. टेकडी निसरडी होती.)

मीटिंगमध्ये पोळ्याच्या दिवसाचा बंदोबस्त ठरला. प्रत्येकाला झाडे वाटून दिली. ज्याची झाडे त्याने राखायची, सकाळपासून पोळा भरेपर्यंत. सर्वांवर देखरेख करायला वामनराव आपण होऊन पुढे आले. म्हणाले, डहाळी अन् डहाळी मी डोळ्यांनी पाहीन. पळसांवर या गृहस्थाचे एवढे प्रेम असेल असे वाटले नव्हते.

अरुंधतीबाई थांबून म्हणाल्या, सर, ती राजीनाम्याची गोष्ट मागे घ्या ना. तुम्ही गेलात तर मंडळात कोण उरेल? मी म्हणालो, बाळ, शब्द म्हणजे शब्द. आणि कुणाची माय व्याली आहे पळसबनात पाऊल टाकायला? माझे नाव आहे पाटीवर, मोठ्या अक्षरात.

मंडळ हे माझे काय आहे ते लिहिता येत नाही. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, नाहीतर दुसऱ्यांच्या ओसरीवर. मला रविवार आहे. पहिल्या रविवारी लोक मला विचारतात, अध्यक्ष, निघायचं? तेवढ्यावर बाकीचा महिना जातो.

१२ ऑगस्ट, रविवार

सावनेरला विश्वनाथला निरोप धाडला. विश्वनाथ म्हणजे यमूचा भाऊ. तान्ह्या पोळ्याला सहकुटुंब ये, घरातल्या माणसाचा बडग्या निघत आहे, असा योग पुन्हा येणार नाही. यमूने निरोप ऐकला आणि कपाळाला हात लावला. तिलाही भरून आले असावे.

२२ ऑगस्ट, बुधवार. पोळा. सकाळी, पळसबनातून

सगळे हजर. रुपरावांनी कोथिंबिरीची सांबारवडी आणली आहे. शत्रू दिसत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

अजून कुणी नाही. बैल तेवढे रस्त्याने जात आहेत, शिंगे रंगवलेली, झुली घातलेल्या. वामनराव झाडांभोवती फिरून वैतागले. दर थोड्या वेळाने रस्त्याकडे पाहतात, लग्नाच्या वरातीची वाट पाहावी तसे.

त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी

कोणी आलेच नाही! जिंकलो. एकही डहाळी तुटलेली नाही. वामनरावांनी हात मिळवला, त्यांचा हात थंड होता. दमलेत.

मागाहून कळले की महादेवरावांनी कुहीच्या शेतातल्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, पळस तसेही छाटायचेच होते म्हणून छाटले आणि बैलबंडीभर डगाली आणून साऱ्या नंदनवनाला वाटल्या. ते असो. आधी पाटीची जरब बसली, त्याशिवाय कुहीहून कोण आणतो?

सगळे पोळा पाहायला गेले. मी घरी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आमच्या ओळीत प्रत्येक दाराशी मेढा आहे. आमचेच दार मोकळे. तोंडातला दात पडल्यासारखे दिसते.

यमूने पान वाढले. पुरणपोळी होती. तूप नव्हते. लग्न झाल्यापासून पुरणपोळीवर तूप नाही असे आज पहिल्यांदा. मी तूप मागितले नाही. काही गोष्टी मागू नयेत एवढे मला समजते.

पान उचलता उचलता म्हणाली, महादेवरावांकडे मी स्वतः गेले होते. ते म्हणाले, ताई, अध्यक्षांच्या दारी मेढा ठेवला त त्याहीचा अपमान होईन, मी नाही देत. रिकाम्या हातानं परत आले, साऱ्या बायका पाहत होत्या.

मी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, असेल. पण उद्या पहाटे सगळ्यांच्या दारचा खोकला अन् ढेकूण निघतील ना, ते जातील कुठं? ज्याच्या दारी मेढा नाही त्याच्याच घरी मुक्कामाला येतील. साऱ्या नंदनवनाचे ढेकूण एकट्या आपल्या घरी.

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, या घरात आले तेव्हापासून मी एकही पोळा दार मोकळं ठेवलं नाही. तुमचा टायफॉइड निघाला त्या वर्षीसुद्धा. मग पदर डोळ्याला लावून आत गेली.

विज्ञानात याला आधार नाही. पण खोकला आला. परत आला.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, घाईत

विचार केला. छाटणी आणि तोडणी यात शास्त्रीय फरक आहे. एखादी वाळकी, मोडायला आलेली, झाडाला जड झालेली डहाळी काढली तर झाडाला उलट बरे वाटते. नख काढल्यासारखे. अध्यक्षाने केले तर त्याला निगा म्हणतात.

वामनराव पोळा पाहायला गेले आहेत. जाऊन येतो.

२३ ऑगस्ट, गुरुवार. तान्हा पोळा. दुपारी

झाले ते लिहून टाकतो.

खालच्या झाडांना हात लावता येत नव्हता. प्रत्येक झाड कुणाच्या ना कुणाच्या वाटणीचे, डहाळी अन् डहाळी वामनरावांच्या ओळखीची. टोकाचा उंच पळस मी माझ्या स्वतःच्या वाटणीला ठेवला होता. त्याच्यावर चढलो.

हे ठळक अक्षरात लिहायला हवे. मी चढलो. दोर नाही, पुस्तक नाही, बुटांसकट. दोन माणसे उंच.

वाळकी डहाळी नव्हती. हिरवीच धरली. पळसाची डहाळी मोडत नाही, पिळते. सालीचा दोर होतो, सुटत नाही. मी तिला पिळत होतो, ती मला पिळत होती. शेवटी आली हातात, आणि तेवढ्यात मी खाली पाहिले.

पित्त.

पाय हलेनात. खोडाला मिठी मारली. एका हातात डहाळी, ती टाकायची तर हात सोडावा लागतो. मारुतीचे नाव घेतले, पण मारुती चढायच्या कामाचा, उतरायचे कुणी कधी त्याला विचारलेले नाही.

तेवढ्यात पायवाटेवर बॅटऱ्या दिसल्या. पोळा फुटला होता आणि वामनराव सगळ्यांना शेवटची मोजणी करायला घेऊन येत होते. अरुंधतीबाई, रुपराव, सगळे मंडळ. अरुंधतीबाईंच्या हातात हार होता. माझ्यासाठी. विजयाचा.

अरुंधतीबाई म्हणाल्या, सर? तुम्ही वर?

मी म्हणालो, पाहणी.

वामनरावांनी बॅटरी आधी माझ्या तोंडावर मारली, मग हळूहळू हातावर आणली, आणि तिथेच ठेवली. फार हळू आवाजात म्हणाले, गिरिधरराव, ते हातातलं जरा वर धरता का? नीट दिसत नाही.

मग रुपराव खोडाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, या जी, खांद्यावर पाय द्या. घाबरू नोका, मी पोतं हाय. मी म्हणालो, मला उतरता येते. रुपराव म्हणाले, हो हो, येतेच. पन द्या पाय.

उतरल्यावर डहाळी कुणाला द्यावी ते सुचेना. अरुंधतीबाईंना हसू येत होते की रडू ते अंधारात कळले नाही. म्हणाल्या, तुटलीच आहे सर, आता काकूंना तरी नेऊन द्या.

यमूने मेढा दाराशी उभा केला. कुंकू लावले. कुठून आणला हे विचारले नाही. उरलेली पुरणपोळी गरम केली आणि तुपाची वाटीच पानात उपडी केली.

आज पहाटे मेढा उचलायला तिने मलाच सांगितले. दाराशी महादेवराव आले होते, बडग्याला निघायच्या आधी शेवटचे एकदा नाक पाहून घ्यायला. त्यांनी माझ्या हातात पळस पाहिला. रात्रीची हकीकत त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. मला छातीशी धरले. म्हणाले, भाऊसाहेब, घरच्या लक्षुमीसाठी या वयात झाडावर चढले! तुमी त आपलेच निंघाले. आपल्या मानसाचा बडग्या कोन काढते जी? रद्द.

मी म्हणालो, अहो, असे कसे, तयार झाला आहे ना? पोरांची मेहनत आहे. कलेचा मान ठेवावा. माझी काही हरकत नाही. महादेवराव म्हणाले, तुमी म्हनान जी, तुमचा सभाव मोठा. पन आमच्यानं होत नाही.

मी खूप सांगितले. ऐकले नाहीत.

विश्वनाथ सावनेरहून पहिल्या बसने सहकुटुंब आला. बडग्या निघाला. काय पुतळा! खांदे मी सांगितले तसेच भरदार. मिशी अचूक, समोरूनही, बाजूनेही. नाक जरा जास्तच. गळ्यात हारसुद्धा. फक्त दोराच्या जागी रॉकेलचा डबा अडकवलेला, आणि छातीवर पाटी : रॉकेलची टंचाई.

लोक चपला मारत होते, रॉकेलच्या नावाने शिव्या घालत होते. विश्वनाथ टाचा उंचावून पुढे पाहत होता. म्हणाला, भाऊजी, तुमचा केव्हा येते? मी म्हणालो, कार्यक्रमात थोडा बदल आहे. त्याची बायको यमूला म्हणाली, हा रॉकेलवाला कोण वं वन्स, ओळखीचा वाटतो. यमू म्हणाली, असेल कुणीतरी, नागपुरात नाकं पुष्कळ आहेत.

जळताना फारसा वेळ लागला नाही.

२ सप्टेंबर, रविवार

मासिक मीटिंग. राजीनामा दिला. वामनरावांनी दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. मग अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. खुर्ची करकरली. माझ्या खाली कधी करकरली नव्हती.

रुपराव म्हणाले, गिरिधररावांना उपाध्यक्ष करा. वामनराव म्हणाले, उपाध्यक्षपद फार जिकिरीचं असतं, त्यांना त्रास नको. अरुंधतीबाईंना केले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

नव्या अध्यक्षांचा पहिला ठराव. यंदा पळसबनातली एकच डहाळी तुटली आणि ती कुणी तोडली हे सर्वांस ठाऊक आहे. सबब पळसबनाचे माजी अध्यक्षांपासून रक्षण करावे. मासिक चढाईच्या वेळी त्यांना पायथ्याशी एकटे ठेवू नये. सोबत धरून टेकडीवर न्यावे.

अरुंधतीबाईंनी विचारले, सर, तुम्हाला चालेल?

ठराव एकमताने मंजूर. मीही हात वर केला.